पंखावरची पोती

रविवारी सकाळी कुणी केस कापून घेतं, कुणी सासुरवाडीला जातं, कुणी नुसतंच दारात पेपर उघडून बसतं. ढालगावच्या माळावरचा भूपाल मगदूम मात्र दर रविवारी बायकोच्या विमानाचा पंख पालथा घालायचा आणि त्यावर रेतीची पोती रचायचा.

एकदा रचली असती तर कुणी नवल केलं नसतं. घरी बांधलेल्या विमानाचा पंख असाच तपासतात. उडताना हवा पंखाला वर उचलते आणि त्याची टोकं वर वाकतात. जमिनीवर तसाच जोर लावायचा तर पंख पालथा ठेवायचा आणि वरून वजन टाकायचं. तो वाकतो जमिनीकडे, पण त्याच्या आतल्या हाडांना वाटतं आपण आभाळात आहोत. बुंध्याशी जास्त पोती, टोकाकडे कमी. विमानाच्या वजनाच्या कितीतरी पट भार टाकूनही पंख मोडला नाही की पोती उतरवायची, पंख जोडायचा आणि कामाला लागायचं. सगळीकडे लोक हे एकदा करतात. भूपाल ते पुन्हा पुन्हा करायचा आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. दुसऱ्याही कुणाला वाटलं नाही.

माणूस विक्षिप्त नव्हता, भित्रा होता, आणि तेही स्वतःसाठी नाही. दोरीला लटकून पवनचक्क्यांच्या पात्यांना ठिगळं लावण्यात त्याची हयात गेली होती. पोटाखाली नुसती हवा असताना तो निवांत तंबाखू चोळायचा. पण एकदा शेजारच्या खांबावरचं एक पातं त्याच्या डोळ्यांदेखत उसाच्या कांड्यासारखं मोडलं. आदल्याच आठवड्यात त्याने त्यावरून हात फिरवला होता आणि त्याला काहीच कळलं नव्हतं. त्या दिवसापासून कुठलीही वस्तू ‘चांगली आहे’ असं म्हणताना त्याची जीभ अडखळायची.

त्याची बायको त्रिशला तासगावला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. पंखाचा छेद फळ्यावर काढून विमान का उडतं हे तिने किती मुलींना समजावलं असेल त्याची गणती नाही. स्वतः मात्र निवृत्त होईपर्यंत ती विमानाच्या खिडकीशीसुद्धा बसली नव्हती. निरोप समारंभात साडी, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी येऊन तिने घड्याळ कपाटात ठेवलं आणि नवऱ्याला सांगितलं, “मी उडायला शिकणार आहे.”

“कशाला?” भूपाल म्हणाला.

“तुम्ही जन्मभर वर लोंबकळताय. मी विचारलं कधी, कशाला म्हणून?”

मूलबाळ नव्हतं. या दोघांना एकमेकांखेरीज हट्ट करायला कुणी नव्हतं, त्यामुळे एकमेकांचे हट्ट त्यांनी लेकरांचे पुरवावेत तसे पुरवले होते. ती कराडच्या बाजूला एका क्लबात जाऊन शिकून आली आणि शिकली ती चांगलीच शिकली. मग म्हणाली, आता माझं मला विमान पाहिजे. हलक्या विमानांचे नियम तोवर बरेच सैल झाले होते. एक माणूस, विजेवरची मोटर, ठरलेल्या वजनाची हद्द; तपासणी बांधणाऱ्याने करायची आणि जबाबदारीही त्यानेच घ्यायची.

“बांधतो,” भूपाल म्हणाला. “पण माझं समाधान होईपर्यंत पंख तपासणार. त्याआधी चाक जमिनीवरून सुटायचं नाही.”

“तुमचं समाधान या जन्मात होईल ना?” तिने विचारलं. थट्टा होती. दोघंही हसली.

पंख बांधला तो अस्थिका वापरून. अस्थिका म्हणजे पुण्याच्या एका कंपनीने पवनचक्कीच्या पात्यांसाठी काढलेली राळ. कार्बनच्या धाग्यांचे थर एकमेकांना चिकटवायला कुठलीही राळ चालते, पण ती एकदा वाळली की मेली. त्यापुढे पातं फक्त म्हातारं होत जातं. अस्थिका वाळूनही जिवंत राहायची. आपलं हाड असंच असतं. पैलवानाचं जाड होतं, अंथरुणाला खिळलेल्याचं झिजतं. हाड दाबलं की त्यात इवलीशी वीज तयार होते आणि त्या खुणेवर शरीर तिथे माल आणून भरतं. अस्थिका तेच करायची. तिचा एक भाग धाग्यांच्या मधून मुंगीच्या पावलाने सरकू शकायचा. धागे ताणाला स्वतःच पुरे पडतात, पण दाबाखाली त्यांना राळेचा आधार लागतो. म्हणून जिथे दाब पडेल तिथे ती गोळा व्हायची आणि घट्ट बसायची. वारा खाऊन खाऊन पातं निबर होत जायचं. ‘जितका भार, तितकं बळ’ असं डब्यावरच छापलेलं होतं.

भूपालने त्या ओळीवर विश्वास ठेवला. न ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्याच्याच हाताने अस्थिका भरलेली पाती माळावर वर्षानुवर्षं फिरत होती आणि एकाही पात्याने दगा दिला नव्हता.

पहिल्या चाचणीला पंखाचं टोक चांगलं हातभर वाकलं. पंख मोडला नाही, हिशोबाप्रमाणेच वाकला, त्रिशलाने कागदावर आधीच काढून ठेवलं होतं तेवढाच. पण भूपालला कागद दिसत नव्हता, ते वाकलेलं टोक दिसत होतं. त्याने पुढच्या रविवारी पुन्हा पोती मागवली.

पोती आणायचा रमजान मुलाणी. त्याचा रेतीचा टेम्पो होता आणि भूपालशी त्याची शाळेपासूनची दोस्ती. पवनचक्क्यांवरची आणखी दोघं-चौघं यायची. एकेक पोतं उचलून, आवाज न करता, झोपल्या लेकराला पांघरूण घालावं तसं पंखावर ठेवायचं. मग सगळ्यांनी लांब उभं राहून श्वास धरायचा. टोकापाशी उभ्या केलेल्या पट्टीवर त्रिशला आकडा वाचायची. दुसऱ्यांदा टोक कमी वाकलं, तिसऱ्यांदा त्याहून कमी.

“अण्णा, बघा की! पंख तालीम करायलाय,” रमजान ओरडला. तेव्हापासून सगळे त्याला तालीमच म्हणायला लागले. पोती उतरली की भडंग आणि चहा. माळावर करमणूक ती कसली असणार? माणसं रविवारची वाट बघायला लागली. हातभराची वीत झाली, वितीची चार बोटं झाली. दर वेळी भूपालच्या छातीवरचं एक पोतं उतरायचं आणि मंगळवार-बुधवारपर्यंत पुन्हा चढायचं.

अगदी सुरुवातीला त्यांनी पंख सुलटा ठेवून वरूनही थोडी पोती ठेवून बघितली होती, कारण कधीमधी हवा पंखाला वरूनही दाबते. त्यात तो पास झाला. ती चाचणी पुन्हा करावी असं कुणाच्या मनात आलं नाही. तिच्यात भार कमी, बघायला मजा कमी, आणि भूपालला रात्री दिसायचं ते टोक वर वाकून मोडलेलंच दिसायचं.

पावसाळा सरला तेव्हा त्रिशलाने पॅराशूटचा विषय काढला. पाठीमागच्या नळकांड्यात एक पॅराशूट होतं. काही झालंच तर दांडी ओढायची, सबंध विमान छत्रीखाली अलगद खाली येतं. तिला त्याच्या जागी जादा बॅटरी हवी होती. वजनाच्या हद्दीत दोन्ही बसत नव्हतं.

“एवढ्याशा बॅटरीत मी नुसती माळावर घिरट्या घालणार,” ती म्हणाली. “मला कृष्णेपर्यंत जायचंय. वरून नदीचं वळण बघायचंय. आणि पॅराशूट कशासाठी असतं? पंख मोडला तर. हा पंख आता आपल्या घराच्या स्लॅबपेक्षा भक्कम आहे, तुम्हीच म्हणता.”

भूपाल म्हणाला, “आणखी एक तालीम करतो. मग काढू.”

त्या रविवारी त्याने आजवरची सगळ्यात जास्त पोती चढवली. टोक जेमतेम दोन बोटं हललं. भूपालने स्वतःच्या हाताने पॅराशूटचं नळकांडं उतरवलं, आणि चाचण्यांचे सगळे आकडे पुण्याच्या कंपनीला पाठवून दिले. त्यात थोडी फुशारकी होती. आपला पंख किती भक्कम झालाय हे कुणातरी जाणकाराला दाखवावंसं त्याला वाटलं, इतकंच.

उड्डाणाचा दिवस थंडीतला होता. हवा स्वच्छ, वारा नाही म्हणावा इतका. मुरूम टाकून दाबून घेतलेल्या धावपट्टीवर भूपाल आणि रमजान विमानाच्या दोन्ही बाजूंनी चालत गेले. त्रिशलाने जुनं स्वेटर आणि शाळेतल्या सहलीचे बूट घातले होते. विमानाची काच लावण्याआधी ती म्हणाली, “तोंड बघा तुमचं. मी परीक्षेला चाललेय की तुम्ही?”

“लवकर ये,” तो म्हणाला.

“येते की. स्वयंपाक व्हायचाय.”

विमान धावलं, थोडं उसळलं आणि सुटलं. पंखांची टोकं किंचितशी वर झाली आणि तशीच राहिली, आणि भूपालला त्या क्षणी जे वाटलं ते त्याला आयुष्यात आधी कधी वाटलं नव्हतं. त्याने रमजानच्या खांद्यावर हात ठेवला आणि खुशाल रडला. रमजानही डोळे पुसत होता. वायरलेसवर त्रिशलाचा आवाज आला, “अहो, तुमच्या पवनचक्क्या वरून भिरभिऱ्यांसारख्या दिसतायत. एवढ्याशा वस्तूंना तुम्ही एवढे घाबरून होता?”

ती नदीच्या दिशेला दिसेनाशी झाली. भूपाल शेडाच्या पायरीवर बसला आणि त्याने चहाचा पेला तोंडाला लावला, तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून कंपनीतली ऋजुता टिपणीस नावाची इंजिनिअर बोलत होती.

“मगदूम सर, तुम्ही पाठवलेली माहिती बघतेय. मला आधी वाटलं, एकच चाचणी चुकून पुन्हा पुन्हा चिकटलीय. या खरंच वेगवेगळ्या चाचण्या आहेत? तीसच्या वर?”

“सगळ्या खऱ्या,” भूपाल म्हणाला. “बघितलंत ना, टोक किती कमी हलतंय?”

“सर, विमान अजून उडवलेलं नाही ना?”

भूपालने पेला खाली ठेवला. “का?”

ती मुलगी शहाणी होती. तिने आढेवेढे घेतले नाहीत. अस्थिका दाबाच्या बाजूला सरकते, हे तुम्हाला माहीत आहे, ती म्हणाली. पण ती नवी तयार होत नाही. एका बाजूला जमते ती दुसऱ्या बाजूची निघून येते. पवनचक्कीचं पातं फिरत असतं. वर असताना त्याची एक कड दाबली जाते, खाली आल्यावर दुसरी. राळ इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करत राहते आणि सगळीकडे सारखी राहते. विमान रोज उडालं, उतरलं, हललं, तरी असंच होईल. तुमचा पंख मात्र फक्त एकाच दिशेला वाकलाय, आणि तोही इतक्या वेळा, इतक्या भाराने. उडतानाच्या दाबाची बाजू म्हणजे पंखाच्या आतल्या कण्याची वरची पट्टी. सगळी राळ तिथे गेली. खालच्या पट्टीत नुसते धागे उरलेत.

“पण धागे भक्कम आहेत,” भूपाल म्हणाला.

“ओढायला भक्कम आहेत. दोरी ओढून बघा, ताठ राहते. ढकलून बघा. सर, हवा पंखाला वर उचलतेय तोवर खालची पट्टी ताणलेली असते, तोवर काही होणार नाही. पण पंख स्वतःच्या वजनाने लोंबतो त्याहून जरा जरी जास्त खाली वाकला, तर त्या पट्टीवर दाब येईल आणि ती तो घेणार नाही.”

“एक सुलटी चाचणी झाली होती. पहिल्याच आठवड्यात.”

“तेव्हा राळ जागेवर होती.” मग तिने घाईने विचारलं, “विमान शेडात उभं असतं तेव्हा पंख स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो ना? त्यानेसुद्धा थोडी राळ हळूहळू परत आली असेल. महिनाभर जरी तसा उभा असेल तर...”

“मी टोकांखाली लाकडी घोड्या लावतो,” भूपाल म्हणाला. “गाद्या घालून. पंखाला ताण नको म्हणून.”

मग भूपालने तिला सांगितलं की विमान वर आहे.

यापुढे तिने जे सांगितलं ते त्याला आधीच कळलं होतं. उतरताना चाकं टेकतात, विमानाचं धूड एकदम थांबतं आणि पंख मात्र खाली जायला बघतात. बस खड्ड्यात आदळली की टपावरचं सामान दबतं तसे. तो धक्का वाईट. त्याहून वाईट म्हणजे ऊन. ऊन चढलं की माळ तापतो, कुठे हवा वर उसळते, कुठे खाली बसते, आणि खाली बसणारी हवा पंखाला वरून दाबते. म्हणजे लवकर उतरावं. आणि उतरताना मोडू शकतं. पॅराशूट आहे का, असं तिने विचारलं आणि उत्तर ऐकून ती म्हणाली, “सर, असा वापर कुणी करेल असं आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.”

भूपालने वायरलेस हातात घेतला. सांगावं की नाही, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. न सांगता ती नेहमीसारखी उतरली असती, हसत. नेहमीसारखी म्हणजे धप्पकन. क्लबात तिला त्यावरून बोलणी खावी लागायची. त्याने बटण दाबलं.

“त्रिशला, कुठे आहेस?”

“परत फिरले. नदी बघितली. अहो, वळण अगदी नकाशात असतं तसंच आहे, मला उगीच वाटत होतं की...”

“ऐक जरा. मधे बोलू नको.”

त्याने सांगितलं. त्याला वाटलं होतं आपल्याला जमणार नाही, पण जमलं. बोलताना त्याची नजर शेडात भिंतीला लावून ठेवलेल्या पोत्यांवर होती. त्रिशलाने मधे एकच प्रश्न विचारला, वरची पट्टी की खालची.

“म्हणजे मी उलटी होऊन उडत राहिले तर राळ परत येईल,” ती म्हणाली. तो काही बोलणार इतक्यात तीच म्हणाली, “नाही. उलटी होतानाच मोडेल. सुचलं आपलं.”

“त्रिशला, चुकलं माझं.”

“ते आत्ता नको. खाली आल्यावर निवांत भांडू. धावपट्टीवर वारा कसा आहे ते सांगा.”

“नाही म्हणावा इतका. पण ऊन चढायलंय.”

“दिसतंय मला. लांबून, अगदी चपटी येते. चाकं अशी टेकवते की तुम्हाला कळणारसुद्धा नाही.” मग तिने विचारलं, “अहो, इतक्या वेळा का केलीत पण? दोन-तीनदा मीसुद्धा म्हटलं असतं, पुरे. मला वाटायचं, तुम्हाला मजा येतेय.”

“भीती वाटायची,” भूपाल म्हणाला. “पोती उतरवली की पुन्हा वाटायची.”

“मला सांगायचं होतंत,” ती म्हणाली. “मी तुम्हाला गणित करून दाखवलं असतं.”

रमजानला काही कळलं नव्हतं. भूपालचा चेहरा बघून त्याला एवढंच कळलं की काहीतरी बिघडलंय. तो टेम्पो घेऊन धावपट्टीच्या कडेला गेला आणि इंजिन चालू ठेवून थांबला. भूपाल धावपट्टीच्या तोंडाशी उभा राहिला. विमान वळसा घालून पूर्वेकडून आलं, खूप खाली, इतक्या संथ चालीने की जागच्या जागी टांगल्यासारखं वाटावं. ती फार सुंदर आणत होती. जन्मात कधी तिने विमान इतकं अलगद आणलं नव्हतं.

“दिसली मला धावपट्टी,” ती म्हणाली. “तुम्ही मधे उभे आहात. बाजूला व्हा की.”

तो बाजूला झाला.

“आलेच,” ती म्हणाली.

माळ जिथे संपतो तिथे उतार आहे आणि सकाळचं ऊन पहिल्यांदा त्या उतारावर पडतं. तिथून उसळलेली हवा कडेच्या अलीकडे येऊन खाली बसते. पवनचक्कीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत आहे. ती काही मोठी नव्हती. धावपट्टीच्या कडेचं गवत फक्त एकदा लवलं. विमान तेव्हा नारळाच्या झाडाएवढ्या उंचीवर असेल. डावा पंख खाली वळला, कुणी दमून हात खाली सोडावा तसा, आणि विमान त्या बाजूला कलंडून जमिनीत गेलं. टेम्पो लगेच पोचला, पण पोचून करण्यासारखं काही नव्हतं.

चौकशी झाली. अधिकारी आले, पंखाचे तुकडे खोक्यात भरून घेऊन गेले. वरच्या पट्टीचा तुकडा कापायला त्यांची करवत चालेना. खालच्या पट्टीचे धागे हाताने सुटत होते, सुतासारखे. भूपालवर ठपका आला नाही. नियमाने मागितल्या होत्या त्याहून कितीतरी जास्त चाचण्या त्याने केल्या होत्या, असं अहवालात कौतुकाने म्हटलं होतं. अस्थिकाच्या डब्यावर आता लाल अक्षरात सूचना असते.

ऋजुता टिपणीस स्वतः येऊन गेली. ती निघताना भूपालने तिला फाटकाशी गाठलं.

“एक खरं सांगा. एकदाच करून थांबलो असतो तर?”

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. “सर, ते कशाला...”

“सांगा.”

“तर पंख पुरेसा होता,” ती म्हणाली. “सगळ्या बाजूंनी.”

माणसं भेटायला येत राहिली. तासगावहून त्रिशलाच्या विद्यार्थिनी आल्या, काहींच्या कडेवर पोरं होती. पवनचक्क्यांवरची माणसं आली. प्रत्येक जण भूपालचा हात हातात घेऊन थोड्याफार फरकाने एकच बोलायचा. तुमच्याकडून काही कमी पडलं नाही. एवढं कोण करतं बायकोसाठी? तुम्ही आणखी काय करणार होता? पहिल्या दिवशी त्याने खरं सांगायचा प्रयत्न केला. समोरच्याने डोळ्यांत पाणी आणून त्याची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी तो मान हलवायला शिकला.

रमजान रोज यायचा, पण बोलायचा नाही. पायरीवर बसायचा आणि उन्हं उतरली की उठून जायचा. एके दिवशी चहा घेता घेता त्याने कप खाली ठेवला.

“अण्णा, एक बोलायचंय. मला झोप लागंना झालीया.”

“बोल.”

“त्या सकाळी माझ्या मनात आलं हुतं. उडायच्या आदी आणखी एक डाव तालीम करून घिऊया. टेम्पोत पोती भरूनच आलो हुतो. पण वहिनी तयार हून बसल्या हुत्या, कशाला खोळंबा करायचा म्हणून गप बसलो. बोललो असतो तर त्या दिवशी पंख तितंच मोडला असता, जमिनीवर. माझ्यामुळं गेल्या, अण्णा.”

भूपालने त्याच्याकडे बघितलं. साठी आलेला माणूस पायरीवर बसून लहान पोरासारखा रडत होता. त्याला असं ठेवणं बरोबर नव्हतं. मग भूपालने त्याला सगळं सांगितलं, सावकाश, ऋजुताने सांगितलं होतं तसं. राळ कशी सरकते, पातं का टिकतं, खालच्या पट्टीत नुसते धागे कसे उरले. शेडातला दोरीचा तुकडा आणून त्याने तो ओढून दाखवला, मग ढकलून दाखवला. आणखी एक तालीम केली असती तरी पंख तालमीत मोडला नसता, उलट आणखी भक्कम दिसला असता, आणि आणखी कमजोर झाला असता. तू गप्प बसलास त्याने काही झालं नाही. मी इतक्या वेळा केली त्याने झालं. एकदा करून सोडून दिलं असतं, हयगय केली असती, तर ती आज आत स्वयंपाक करत असती.

रमजानने सगळं ऐकून घेतलं. डोळे पुसले. दोरीचा तुकडा हातात घेऊन त्याने दोनदा ढकलून बघितला आणि खाली ठेवला. मग तो सरकून भूपालच्या जवळ येऊन बसला आणि आजारी माणसाशी बोलावं तशा हळू आवाजात म्हणाला, “अण्णा, आसं काय मनाला लावून घिऊ नका. जपल्यानं कुटं वस्तू मोडती व्हय?”

भूपाल त्याच्याकडे बघत राहिला. रमजानला उत्तर हवं होतं, आणि त्याला एकच उत्तर चालणार होतं.

“नाही,” भूपाल म्हणाला.

रमजानने मान हलवली, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि निवलेला चहा उचलून पिऊन टाकला.